मेणबत्ती जळायला लागणारा वेळ

मेणबत्ती मी नेहमीसारखीच काढली. मारियामातेच्या तसबिरीपुढची वाळूची परात भरली होती, मागे बायकांची रांग लागली होती, आणि रविवारी नऊच्या सुमाराला जे मी पस्तीस वर्षं करत आलोय तेच केलं. अर्ध्यावर आलेल्या मेणबत्त्या वाळूतून उपटायच्या, चिमटीत ज्योत विझवायची, खालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. एका दमात सहा-सात. तेवढ्यात कुणीतरी माझ्या बाहीला हात लावला. "अजून नाही," एक बाई म्हणत होती. भाषा आमचीच, पण प्रत्येक शब्द आधी मनात जुळवून मग बाहेर काढल्यासारखी. तिशीची असेल. अंगात पुरुषी तपकिरी कोट, आणि डोक्याला हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल, आमच्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी सोडून दिलेला तसला. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. तिची मेणबत्ती कधीच डब्यात गेली होती आणि माझ्या बोटांवर तिचं कोमट मेण होतं. मी काही बोलायच्या आत ती वळली आणि शुभवर्तमानाचं वाचनही सुरू व्हायच्या आधी बाहेर पडली. दार उघडलं तशा परातीतल्या सगळ्या ज्योती एकदम आडव्या झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. मागच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं, जागा झाली होती ना, मग मी मधे का उभा?

रागवायचं खरं तर मी. मेणबत्ती देवाला पोचते ती लावताना, जळून संपताना नव्हे, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. परात एक, माणसं तीनशे. एकाने काढल्याशिवाय दुसऱ्याने लावायची कुठे? शिवाय डब्यातलं मेण वाया जात नाही. दर महिन्याला लारिसाहून मेणबत्तीवाला येतो, डबे घेऊन जातो, ते सगळं वितळवून पुन्हा शिसपेन्सिलीएवढ्या बारीक मेणबत्त्या करून आणतो. तेच मेण गावात फिरत राहतं. हे सगळं मी तिला सांगितलं असतं, तिने थांबायला हवं होतं. पण दिवसभर माझ्या बाहीवर ती जागा जाणवत राहिली. धरलं नव्हतं, ओढलं नव्हतं, नुसता हात लावला होता. आयुष्यभर मी शिलाई मशिनं दुरुस्त केली. कुठला भाग हलायला हवा आणि कुठला नको हे मला बोटाने कळतं. आणि काहीतरी नको तिथे हललं होतं, हेही कळत होतं.

जेवताना मी विषय काढला नाही, पण एवान्थियाला काढावा लागतच नाही. तीस वर्षं माझ्याशी संसार केलाय तिने, मी कोंबडीचा तुकडा ताटात फिरवत बसलो की तिला कळतं. ती म्हणाली, "चर्चचा कारभारी लिआंद्रोस, त्याच्या बहिणीच्या इमारतीत जिने धुते ती. अल्बानियाची. वासो म्हणतात तिला."

मी म्हटलं, वासो हे काय अल्बानियातलं नाव झालं?

"नाही ना. जिने धुवून घेणाऱ्यांना सोपं जावं म्हणून ठेवलंय." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "तुझी बोटं म्हणजे ना प्रोद्रोमोस, नाक्यावरचा पोलीस. थांबू नका, पुढे चला."

मी हसलो. तीही हसली. आमच्या घरात एकमेकांना टोचल्याशिवाय रविवार जात नाही, आणि मला ते आवडतं. पण त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, अल्बानियाचं नाव निघालं की गावात लोक आवाज खाली आणायचे. डोंगर ओलांडून माणसं येत होती, पायात फाटके बूट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कुणी भिंती रंगवायचं, कुणी म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायचं, आणि ज्यांच्या भिंती रंगवून झाल्या तेच संध्याकाळी दार ओढून बघायचे, नीट लागलंय ना. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी आमच्या दारालाही मी दुसरी कडी बसवली. स्वतःच्या हाताने, चार स्क्रू लावून. जेवण झाल्यावर मी पलंगावर पडलो आणि त्या कडीकडे बघत राहिलो. तिथून सरळ आई आठवली.

आई तुर्कांच्या मुलखातल्या कप्पादोकियाची. चोवीस साली दोन्ही देशांनी आपापल्या माणसांची अदलाबदल केली तेव्हा चौदा वर्षांची ती आमच्या व्होलोस बंदराच्या धक्क्यावर उतरली. ख्रिस्ती म्हणून तिला तिकडून काढलं होतं, आणि इकडे आली तर तिला भाषाच येत नव्हती. त्यांच्या गावात सगळे तुर्की बोलायचे, प्रभूची प्रार्थनासुद्धा तुर्कीत. तीच प्रार्थना ती आमच्या चर्चमध्ये, याच तसबिरीपुढे म्हणायची आणि शेजारच्या बायका पदर सावरल्यासारखे कोट सावरून दूर सरकायच्या. दह्यात बाप्तिस्मा झालेले म्हणायचे आमच्या लोकांना. म्हणजे पाणीसुद्धा खरं नाही तुमचं. तेव्हा परातीवर म्हातारा फोटिस असायचा, आताच्या आमच्या चर्चच्या कारभाऱ्याचा, लिआंद्रोसचा, बाप. गावातल्या बायकांच्या मेणबत्त्या अर्ध्यावर यायच्या तेव्हा काढायचा. निर्वासित बाई मात्र मेणबत्ती लावून सरळ उभी राहिली रे राहिली की हिची गेलीच डब्यात. आईने कधी त्याच्या बाहीला हात लावला नाही. तिने नुसती वाट बघितली, पस्तीस वर्षं. फोटिसचे गुडघे गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, दुकान नुकतंच टाकलेलं, चर्चमध्ये सणावारी जाणारा. आई म्हणाली, "तू हो. आपल्या बायकांच्या मेणबत्त्यांजवळ आपलं एक माणूस असू दे."

आणि मी झालो. पहिली काही वर्षं मी काय केलं हे एवान्थियाशिवाय कुणाला ठाऊक नाही. निर्वासित बायकांच्या मेणबत्त्या मी जळू द्यायचो आणि गावातल्यांच्या उपटायचो. सूड म्हणा हवं तर. मजा यायची. मग हळूहळू घोटाळा होत गेला. निर्वासितांच्या मुली गावात दिल्या गेल्या, मी स्वतः गावातली करून घेतली, नातवंडं झाली, रुमाल गेले, केस कापले, आणि कोण कुणातली हे मागून ओळखू येईना. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आता मी सगळ्यांच्याच सारख्या काढतोय. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, बंदरावर बसून मी एकट्याने दोन पेले त्सिपुरो दारू घेतली होती. आईची मात्र मी कधीच काढली नाही. निदान मला तसं आठवतं. पलंगावर पडल्या पडल्या मी आईची मेणबत्ती शेवटपर्यंत जळताना आठवायचा प्रयत्न केला आणि ती काही आठवेना. आईचा हात आठवला, मेणबत्ती वाळूत खोचताना अंगठ्याने वाळू दाबायची ते आठवलं. पुढचं काही नाही.

पुढल्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढल्याही नाही. मी परातीपाशी उभा राहायचो पण लक्ष दाराकडे. हात आपलं काम करत होते, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा वेग दिसत होता. चर्च रिकामं झाल्यावर एकदा तर मी डबा उपडा केला, तिची कुठली ते सापडतं का बघायला. वेडेपणाच. सगळ्या सारख्या, वाकलेल्या, काळ्या वातींच्या. पाद्री पोलिकार्पोस वेदीमागून झगा काढून आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. वयाने माझ्या मुलासारखे आहेत, दाढीत एक पांढरा केस नाही, पण मागे कोण उभं राहतं ते त्यांना पुढून दिसतं. "ती तपकिरी कोटवाली दिसली नाही परत," ते म्हणाले. मी म्हटलं, कोण तपकिरी कोटवाली? साठी उलटलेला माणूस चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून खोटं बोलतो तेव्हा पाद्र्याने आणखी काय बोलायचं? मेणबत्त्या परत डब्यात भरताना मला आईपासून सरकून उभ्या राहणाऱ्या त्या शेजारच्या बायका आठवल्या, आणि त्यांतल्या कुणीही स्वतःला वाईट समजत नसणार हेही कळलं.

मग मी लिआंद्रोसच्या बहिणीच्या मशीनचं निमित्त काढलं. मशीन चांगलं होतं, तरी मी तेल दिलं. ती इमारत चार मजल्यांची, खालचे जिने संगमरवरी. मी हत्यारांची पेटी घेऊन उतरत होतो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर ती पाठमोरी, गुडघ्यांवर, फडक्याने पायरी पुसत होती. पायऱ्या ओल्या होत्या म्हणून मी थांबलो. तिने बघितलं, ओळखलं आणि मला जायला वाट करून दिली. मी गेलो नाही. इतक्या दिवसांत मनात रचलेलं सगळं, लारिसाचा मेणबत्तीवाला, एकच परात, तीनशे माणसं, ते सगळं मी भडाभडा बोललो. किती कळलं तिला कोण जाणे. बोलून झाल्यावर मी पेटी खाली ठेवली आणि पायरीवर बसलो. पायरी ओली होती हे विसरलो.

"काका, ओली आहे," ती म्हणाली.

"असू दे. तुझं नाव काय?"

"वासो."

"खरं."

तिने फडकं बादलीत पिळलं. "वाल्बोना."

मग तिने सांगितलं. तिच्या देशात ती तीन वर्षांची असताना सगळी चर्च बंद झाली, देवाचं नाव घेणाऱ्याला तुरुंग. त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये धान्य ठेवायचे. तिची आई अंड्याच्या अर्ध्या कवचात तेल घालून वात लावायची, कपड्यांच्या कपाटाच्या आत, कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवून. वाल्बोनाचं काम म्हणजे खिडकीशी बसायचं. दार वाजलं की आई चिमटीत वात विझवायची आणि कपाट बंद करायची. कधी शेजारीण मीठ मागायला आलेली असायची, कधी कुणीच नसायचं, वारा असायचा. पण वात विझलेली असायची. सबंध आयुष्यात ती वात शेवटपर्यंत जळलेली वाल्बोनाने पाहिली नाही. आई सीमा उघडली त्याच हिवाळ्यात गेली. "मी तिला सांगितलं होतं, तुझ्यासाठी एक लावीन. कुणी विझवणार नाही अशी." हे ती फडक्याकडे बघत बोलली. मग माझ्याकडे बघितलं आणि जरा हसली, मला वाईट वाटू नये म्हणून. "तुम्ही विझवली, तेव्हा मला वाटलं, इथंही दार वाजलं."

मला लाज वाटली. मी चष्मा पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती. मग मी तिला म्हटलं, रविवारी ये. मी तिथे उभा राहीन. किती वेळ लागतो ते बघू.

"किती लागतो?" तिने विचारलं.

आणि मला ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं मेणबत्त्यांपाशी उभा राहिलेला मी, एक मेणबत्ती जळायला किती वेळ लागतो हे मला सांगता येईना. घरी आलो तेव्हा पाटलोण मागून भिजलेली बघून एवान्थियाने मला आधी यथेच्छ झोडपलं, आणि मी सगळं सांगितल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

रविवारी ती आली. दारातच थांबली, मग भिंतीकडेने पुढे आली. मी परातीत मधोमध, हाताने वाळू सारखी करून, जागा धरून ठेवली होती. तिने मेणबत्ती लावली, खोचली आणि अंगठ्याने वाळू दाबली. मी घड्याळ बघितलं, सव्वाआठ. माझा बेत असा की तिची ठेवायची आणि भोवतालच्या काढायच्या, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण एवान्थिया आली, तिच्या शेजारी आपली मेणबत्ती लावून उभी राहिली, आणि माझा हात पुढे झाला तशी म्हणाली, "माझीही राहू दे आज." तिच्या मागची म्हातारी म्हणाली, मग माझी का जावी? ज्या बाईने मला कोपराने ढोसलं होतं तीच ही. पाहता पाहता आठ-दहा बायका परातीभोवती आपापल्या मेणबत्तीची राखण करत उभ्या. उभं राहिलं की आमच्या बायका गप्प राहत नाहीत. स्तोत्रं चालू होती, पण कुजबुज सुरू झाली. कुणासाठी लावलीस? तुझ्या आईला काय झालं होतं? जिने धुवून हात फुटतात, त्याला ऑलिव्हचं तेल लाव, साबण आधी धुऊन टाक. एवान्थियाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हिचं नाव वाल्बोना आहे. दोघी-तिघींनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं, एकीने चुकवलं, वाल्बोनाने दुरुस्त केलं. आणि परातीत रेघ मारायलाही जागा उरली नाही.

लिआंद्रोस तरातरा आला. "प्रोद्रोमोस, हात मोडले का तुझे? रांग दारापर्यंत गेलीय."

"आज काढायच्या नाहीत."

"कुणी सांगितलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं नाक अगदी फोटिसचं. मी म्हटलं, "माझ्या आईने."

लिआंद्रोसला माझी आई चांगली आठवते, आणि आपला बाप काय करायचा तेही. त्याचे कान लाल झाले. तो कोठीच्या खोलीत गेला आणि जी दुसरी परात आम्ही फक्त ईस्टरला काढतो ती एकटाच, पोटाशी धरून, धापा टाकत घेऊन आला. वर वर्षभराची धूळ. ती खाली ठेवून तो बायकांकडे बघून पुटपुटला, "लावा. जाळा काय जाळायचं ते," आणि धूळ आपल्या रविवारच्या कोटाच्या बाहीनेच पुसली. मग सबंध सकाळ तो त्या दुसऱ्या परातीपाशी उभा राहिला, आणि एकही मेणबत्ती त्याने काढली नाही.

वाल्बोनाची मेणबत्ती जळत खाली आली. गर्दीने परातीत ऊब झाली होती, म्हणून मेणबत्त्या एकमेकींकडे वाकल्या होत्या. शेवटी बोटभर राहिली, मग नखभर. ज्योत वाळूला टेकली, लहान झाली, निळी झाली, एकदा उठली आणि गेली. धुराची रेघ वर गेली. वाल्बोनाने वाकून त्या जागेकडे बघितलं, जिथे आता वाळूवर नाण्याएवढं मेण होतं, आणि म्हणाली, "संपली." ती रडेल असं मला वाटलं होतं. ती सुस्कारा टाकून सरळ उभी राहिली, सामान उतरवून ठेवल्यावर माणूस राहतं तशी. मी घड्याळ बघितलं. बेचाळीस मिनिटं. आईची बेचाळीस मिनिटं मी कधी उभा राहून बघितली नव्हती, हे मला तेव्हा लख्ख कळलं. तिची मेणबत्ती मी काढली नसेन, पण दर वेळी ती एकटीच जळली. उपासना संपल्यावर पाद्री पोलिकार्पोस दारात पावाचे तुकडे वाटत होते. वाल्बोना बाजूने निघून जायला बघत होती. त्यांनी तिला हाक मारून तिच्या तळहातावर तुकडा ठेवला. ती म्हणाली, आईने तांब्याच्या वाटीतून डोक्यावर पाणी ओतलं होतं, पाद्री नव्हता, ते चालतं का मला माहीत नाही. पाद्री म्हणाले, बाप्तिस्म्याचं आणि नावाचं आपण सावकाश बसून बोलू, आधी पाव खा, चुरा सांडू नकोस. एवान्थिया तिला जेवायला घरी घेऊन आली. दार लावताना मी फक्त वरची जुनी कडी लावली, आणि तिच्याखालची नवी त्या दिवसापासून आजतागायत न लावलेलीच आहे.

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. एकदा तिने विचारलं, डब्यातल्यांचं काय होतं? मी तिला पुन्हा मेणबत्तीवाल्याचं सांगितलं, या वेळी सावकाश. तेच वितळतं, तेच परत येतं. ती विचार करून म्हणाली, "मग माझ्या आईचं थोडं यात असेल."

"माझ्या आईचं पण," मी म्हटलं.

तिने डब्यात डोकावून बघितलं. आणि त्याच दिवशी, तिची मेणबत्ती अर्ध्यावर असताना, मागे एक बाई लेकरू कडेवर घेऊन जागा शोधत होती, तर वाल्बोनाने स्वतःची उपटली, चिमटीत विझवली, डब्यात टाकली आणि त्या बाईला म्हणाली, "इथे लावा, झाली जागा." लिआंद्रोस खांबाआडून बघत होता, तो मला नंतर म्हणाला, तुझ्यापेक्षा हिचा हात साफ आहे.

शरदात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ज्योती मला फुलून दिसायला लागल्या, एकीच्या दोन. एकदा चुकून मी पेटत्या टोकालाच हात घातला. तेव्हापासून परात वाल्बोनाकडे आहे. लिआंद्रोसच्या बहिणीने नाक मुरडलं, पण बाकी कुणी नाही. नोव्हेंबरात आईच्या स्मृतिदिनाला मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बाकीच्यांसारखा रांगेत उभा राहिलो. मेणबत्ती घेतली, लावली, खोचली, आईसारखी अंगठ्याने वाळू दाबली. ठरवलं होतं की आज पूर्ण बेचाळीस मिनिटं. हात मागे बांधून उभा राहिलो. स्तोत्रं चालू होती, मेणाचा तो गोडसर वास, आणि मला फार सुखात असल्यासारखं वाटत होतं. आई बोलायला लागेल, तुर्कीत, इतकी जवळ आली होती. वाल्बोना माझ्याकडे पाठ करून परातीच्या त्या बाजूने काढत काढत येत होती, एका दमात सहा-सात, मागच्या बाईला पुढे यायची खूण करत. तिचा हात आला, झपकन माझीही उचलली, चिमटीत दाबली, डब्यात. माझा हात तिच्या बाहीपर्यंत गेला आणि तोंडात शब्दही आले होते.

"काय काका?" तिने वळून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि मागे रांग होती म्हणून बाजूला झालो.